प्रतिसाद: मुलांच्या प्रकल्पांसाठी उपयुक्त संकेतस्थळे

शाळेच्या प्रकल्पांसाठी या चर्चेत आधी सुचवलेल्या संकेतस्थळांची यादी चांगली आहे, पण जवळजवळ सगळी इंग्रजीतली. मराठी माध्यमातल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी मी आधी मराठी विश्वकोश सुचवेन. छापील खंड आता ऑनलाइन फुकट वाचता येतात. मात्र पहिला खंड १९७६ सालचा, त्यामुळे लोकसंख्या, उत्पादन असले आकडे तिथून जसेच्या तसे उतरवू नयेत. इतिहास, वनस्पती, भौतिकशास्त्रातल्या संकल्पना यांसाठी मात्र नोंदी भक्कम आहेत. भाषा जरा जड वाटते, शेजारी बसून एखादा परिच्छेद सोपा करून सांगावा लागतो.

सेमी-इंग्रजीवाल्यांनी बालभारतीच्या साइटवरून विज्ञानाचं एकच पुस्तक मराठी आणि इंग्रजी दोन्हींत उतरवून घ्यावं. धडे तेच असतात, त्यामुळे संज्ञा समोरासमोर जुळवता येतात, गाइडची गरजच उरत नाही (माझं मत, दुकानदार रागावतील!).

शब्द अडला तर बृहद्कोश हे संकेतस्थळ: मोल्सवर्थ, दाते अशा अनेक शब्दकोशांत एकदम शोध घेता येतो.

कुणीतरी शोधगंगा सुचवलं आहे. तिथे पीएचडीचे प्रबंध असतात हो, शाळकरी पोरांना कशाला? एमएच्या मुलांना जरूर सांगा.