मदत हवी आहे : बोअरच्या मोटरसाठी बनवलेले उपकरण, आधी पेटंटचा अर्ज की आधी करार?

सर्व जाणकारांना नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला. दहावीनंतर शिक्षण सुटले. पुढे बेदाण्याच्या शेडवर, पेट्रोल पंपावर आणि गेली अकरा वर्षे मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काम केले.

सबमर्सिबल मोटर भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते. बोअर आटला की भार उतरतो, अँपिअर खाली येतात, पण मोटर फिरतच राहते आणि शेवटी करपलेल्या वार्निशच्या वासासह माझ्या टेबलावर येते. बाजारातली साधी ड्राय रन (पाण्याविना मोटर चालणे) रोखणारी यंत्रे मोटर बंद करून ठरावीक वेळाने पुन्हा चालू करतात. परंतु मार्चमध्ये तासाभरात भरणारा बोअर मे महिन्यात तीन तास घेतो. दुकान बंद झाल्यावर रात्री मोबाइलवर पाहून मी आर्दुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) शिकलो आणि मागच्या खेपांवरून ही वेळ स्वतः ठरवणारे उपकरण बनवले. सात शेतकऱ्यांकडे ते बसवले असून त्यांपैकी एकही मोटर अद्याप जळालेली नाही, याचे मला फार समाधान आहे.

आता एका कंपनीचे प्रतिनिधी म्हणतात, की सर्किट आणि प्रोग्राम आधी पाठवा, कराराचे नंतर पाहू. मला हे पटत नाही. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाचे शुल्क 1,600 रुपये आहे आणि शोधाचे तात्पुरते विवरण (प्रोव्हिजनल) दिल्यास संपूर्ण विवरणासाठी 12 महिने मिळतात, एवढे मी वाचले आहे. अडचण पुढची आहे. पेटंट कायदा 1970 च्या कलम 32 नुसार चाचणीपुरता जाहीर वापर अर्जाआधीच्या एका वर्षातला असेल तर चालतो. मात्र दोन शेतकऱ्यांकडून मी सामानाचा खर्च घेतला आहे, तरीही ती चाचणीच ठरेल का? शिवाय कलम 3(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. मग सीटी कॉइल (विद्युतप्रवाह मोजणारी), रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच) आणि प्रोग्राम मिळून एकच यंत्र म्हणून अर्ज कसा मांडावा?

वेल्डिंगसह अनेक कामे केलेल्या कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी सॅनिटरी पॅडचे यंत्र मोठ्या कंपन्यांना न विकता महिला बचत गटांना दिले. मलाही गावोगावच्या रिवाइंडिंगवाल्यांमार्फत विक्री करावीशी वाटते. असे कोणी केले असल्यास अनुभव सांगावा.

पहिले उपकरण बसवल्याला या महिनाअखेरीस वर्ष पूर्ण होईल. सांगली, कोल्हापूर किंवा पुण्यातील विश्वासू पेटंट एजंट माहीत असल्यास कृपया त्याआधी व्यक्तिगत निरोपातून कळवावे.