थंडीतला मळा: तुमच्याकडची पहाट कशी असते?

आमचा मळा निफाड तालुक्यात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रापासून जवळच. नाशिकच्या थंडीची बातमी आली की पारा निफाडचा सांगतात, आणि तो बहुतेक वेळा याच केंद्रावर मोजलेला असतो. आमच्या घरात त्या आकड्यावरून रात्री कोण किती वाजता उठणार ते ठरतं.

साडेतीन एकर रान आहे. दोन एकर थॉमसन जातीची द्राक्षं, उरलेल्यात गहू आणि घरापुरता हरभरा. द्राक्ष आणि गहू यांच्यामध्ये एकच बांध. नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हाला १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाशी येणारी मुळं, फुटतात, तेव्हाचं पाणी चुकवायचं नाही, आणि पुढं जितकी थंडी तितके फुटवे, म्हणजे बुडातून येणारे कोंब, जास्त. बांधाच्या अलीकडं द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ पडायला, लागलेलं असतं. रात्र ४-५ अंशांवर आणि दुपार २८ वर गेली की मण्याची साल तो ताण सोसत नाही, तडकते. तडकलेला घड कोणी घेत नाही. बाबा म्हणतात, देवाकडं थंडी मागावी की मागू नये, हेच मला ३० वर्षांत कळलं नाही.

तर पहाटे ३ ला उठायचं. छाटणीच्या काड्या आणि गोवऱ्या बागेच्या कडेनं आणि ओळींच्या मध्ये आधीच रचून ठेवलेल्या असतात. त्या पेटवायच्या आणि वर ओला पाला टाकायचा, म्हणजे धूर होतो. जाळ होऊ द्यायचा नाही, पानं भाजतात. बागेत ऊब टिकायची तर धूर मांडवाखाली दाटून राहिला पाहिजे, वारा सुटला की सगळी मेहनत वाया. लाईट असेल तर विहिरीची मोटर चालू करायची. विहिरीचं पाणी या दिवसांत हाताला कोमट लागतं, पाटातून वाफ निघताना दिसते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस गव्हाच्या पात्यांवरचं दव गोठलं होतं. मी पाती हातात घेतली तर बोटांत चुरचुर आवाज झाला. त्या रात्री आम्ही चौघं बागेत होतो, आजी धरून. तिला कोणी उठवलं नव्हतं, ती आपणहून गोवऱ्यांची पाटी घेऊन आली.

थंडी म्हटलं की हुरडा, शेकोटी आणि गुलाबी गारवा एवढंच लिहिलं जातं. ज्यांचं पोट या थंडीवर चालतं त्यांनी आपापलं लिहावं असं फार दिवस मनात होतं. चार ओळी लिहा नाहीतर चार पानं.

लासलगावजवळून

ताई, तुमच्याकडं पहाट धुराची, आमच्याकडं चिखलाची. लग्न होऊन आले तेव्हा मला कांदा फक्त भाजीतला माहीत होता. पावसाळ्यातला पोळ, त्याच्यामागून येणारा रांगडा आणि उन्हाळ्यात निघणारा उन्हाळ हे तीन वेगळे कांदे असतात, हे इथं कळलं. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं दोन्ही टोकं एकदम येतात. एका वावरात लाल कांदा काढून खांडायचा, म्हणजे त्याची पात कापायची, दुसऱ्यात उन्हाळ कांदा लावायचा.

लागवडीसाठी उळं, म्हणजे कांद्याचं बी, दीड महिना आधी टाकलेलं असतं. रोप उपटून पेंड्या बांधायच्या, शेंडे छाटायचे, वाफ्यात पाणी सोडायचं आणि ओल्या मातीत अंगठ्यानं एकेक रोप दाबत मागं सरकायचं. वीतभर जागेत दोन-तीन रोपं. सकाळी ८ ला वाफ्यात पाय घातला की गारवा गुडघ्यापर्यंत चढतो, ११ पर्यंत बोटं आपली वाटत नाहीत. सासूबाईंनी मला पहिल्या वर्षी शिकवलं की घरून निघताना हातापायाला खोबरेल आणि हळद चोळायची, आणि दुपारी भाकरी खाताना हात आधी शेकोटीवर न धरता काखेत धरायचे. एकदम शेकले की फुटतात.

एक गोष्ट मनात राहिली आहे ती लिहिते. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा आमचा लाल कांदा निम्मा खांडून झाला होता. लाल कांदा साठवणीच्या कांदाचाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. भाव काही दिवसांत कोसळला. आम्ही खांडणाऱ्या बायकांना ठरलेली मजुरी दिली, त्यांनीही त्या वर्षी थंडीत भल्या पहाटे यायचं बंद केलं नाही. बंदी उठली ४ मे २०२४ ला. तोवर लाल कांद्याचं काय उरलं होतं? तरी त्याच डिसेंबरात, त्याच आठवड्यात, शेजारच्या वावरात आम्ही उन्हाळ कांदा लावत होतो. रोप तयार होतं, थांबवणार कसं?

सिन्नर तालुका

आमच्याकडं थंडीपेक्षा शेतीपंपाची रात्रपाळीची लाईट जड जाते. आठवड्यातले काही दिवस रात्रीची पाळी असते, तेव्हा गव्हाचं बारं, म्हणजे पाणी, रात्रीच द्यावं लागतं. शेजारी ऊस, आणि उसात बिबट्या. मी आणि माझा चुलतभाऊ एकटे कधीच जात नाही. एकानं पाणी मोडायचं, म्हणजे एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं, दुसऱ्यानं बॅटरी फिरवत मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावायची. वाकून काम करताना माणूस लहान दिसतो म्हणून धोका जास्त, असं जाणकार सांगतात, त्यामुळं मी खोरं चालवताना मधूनमधून उभा राहतो. दोन वर्षांमागं आमच्या कालवडीला गोठ्यातून ओढून नेलं. तिचं दावं आईनं अजून खुंटीला ठेवलं आहे.

आता सौर पंप बसवला आहे. ढग असले की रडतो, पण पाणी दिवसा भरतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर बसवा. बायको आता रात्री झोपते, मला एवढं पुरे आहे.

पेठ

मी द्राक्षाच्या मळ्यात वाढले, पण मळा आमचा नव्हता. आमच्याकडं याला जगायला जाणं म्हणतात. भात आणि नागली घरात आली, खळं उरकलं की गावात काम उरत नाही. मग आई-बाप मजुरांच्या टोळीबरोबर दिंडोरी, निफाडकडं निघायचे. शाळा असली तर मी आजीजवळ, नाहीतर त्यांच्याबरोबर.

वर ताईंनी बागेतली पहाट लिहिली, तीच पहाट मी दुसऱ्या बाजूनं पाहिली आहे. घड औषधात बुडवायचे असायचे तेव्हा आई हातात मग घेऊन ओळीत उभी राहायची. वर घड, खाली मग, एकेक घड बुडवायचा आणि हलवून थेंब झाडायचे. ते पाणी मनगटावरून कोपरापर्यंत यायचं आणि बाही दिवसभर ओली राहायची. विरळणीच्या वेळी लहान कात्रीनं एका घडात १००-१२५ मणी ठेवून बाकीचे काढायचे, मान वर करून, दिवसभर. संध्याकाळी आईची मान खाली यायची नाही. ती उशी न घेता झोपायची.

आम्ही पत्र्याच्या खोलीत राहायचो. पत्रा रात्री गळतो, पाऊस नसतानाही. आतल्या श्वासाची वाफ वर जाऊन गार होते आणि पहाटे थेंब पडतात. आई आमच्या डोक्यावर प्लॅस्टिकचं पोतं पसरायची. सकाळी नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. ती चटणी गावावरून डब्यात आणलेली असायची, संपली की घरची आठवण यायची.

एका मळ्यातल्या मावशी रोज संध्याकाळी बंबातलं गरम पाणी आम्हा मुलांसाठी बादलीभर काढून ठेवायच्या. मी आज नर्स आहे, पगार माझा आहे, घरात गिझर आहे. तरी गरम पाण्याची बादली म्हटलं की त्याच मावशी आठवतात. सगळे मळे तसे नव्हते. एका ठिकाणी हिशेबाच्या दिवशी बापाला चार हेलपाटे घालायला लावले. बागायतदार दादांना माझी एक विनंती आहे: औषधात हात घालायचं काम असेल तर हातमोजे द्या, आणि राहायच्या खोलीला पत्र्याखाली काहीतरी घाला. भाताचा पेंढासुद्धा चालतो.

दिंडोरी

पेठच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. आमच्याकडं पेठ-सुरगाण्याची टोळी १२ वर्षं येते, आणि पत्र्याचं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. काल जाऊन पाहिलं. खरंच गळतो. उद्या पेंढा आणि ताडपत्री लावून घेतो. हातमोजे दिले होते, पण मोज्यानं मग निसटतो म्हणून बायका घालत नाहीत. लांब बाहीचे पातळ मोजे मिळतात, ते आणून पाहतो.

बागेचं म्हणाल तर आमचा सगळा जानेवारी घडांना कागद लावण्यात जातो. थॉमसनचा मणी थंडीत गुलाबी पडतो. चवीला काही फरक नसतो, पण परदेशात जाणाऱ्या मालात हिरव्या घडात गुलाबी मणी चालत नाही. म्हणून एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून स्टेपल मारायचं. एकरात हजारो घड. माझी सातवीतली मुलगी बातम्या वाचत वाचत कागद लावते, त्यामुळं तिची ओळ कायम मागं राहते, आणि जुन्या बातम्या तिला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतात.

इगतपुरीकडचा

आमची पहाट लिहिण्यासारखी नाही, कारण थंडीत आमच्या खाचरात काही नसतं. पाऊस सगळ्या जिल्ह्यात जास्त आमच्याकडं, धरणं आमच्याकडं, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि दारणेचं खाली. वरच्या अंगाला राहणाऱ्यांना भात काढल्यावर ओल असेल तेवढाच वाल आणि हरभरा. तीन म्हशी आहेत. त्यांना गोणपाटाची झूल घालतो, गोठ्याला पश्चिमेकडून कुडाचा आडोसा बांधतो, पहाटे कोमट पाण्यात गूळ देतो. थंडीत दूध थोडं घटतं पण फॅट चांगला लागतो. एवढंच.

येवला

माझ्या आजीच्या हरभऱ्याबद्दल लिहिते, कारण हे आता आमच्याच घरात कोणाला माहीत नाही.

हरभऱ्याच्या पानांवर आंबट दव असतं. त्याला आंब म्हणतात. शाळेत पुढं कळलं की झाड स्वतःच मॅलिक आम्ल सोडतं. सकाळी हरभऱ्यातून चाललं की पायाला चुणचुण होते आणि साडीचा काठ विटतो तो यामुळंच. आजोबांचं जुनं मऊ धोतर धुऊन, साबणाचा वास जाईपर्यंत खळबळून, आजी रात्री हरभऱ्यावर पसरायची. पहाटे दिवस उगवायच्या आत ते ओलंचिंब झालेलं असायचं. मग आम्ही दोघी दोन टोकं धरून पिळायचो. खाली काचेची बरणीच पाहिजे, तांब्या-पितळ्यात ठेवायची नाही. पाच-सहा पहाटा केल्या की अर्धी बरणी व्हायची. वर्षभर कोणाचं पोट दुखलं की त्यातला चमचाभर पाण्यातून. शेजारपाजारचेही मागायला यायचे आणि आजी कोणाला नाही म्हणायची नाही. भाद्रपदात मात्र तळाशी दोन बोटं उरलेली असायची ती ती लपवून ठेवायची.

पिळताना ती टोक सोडायची नाही आणि मीही नाही. थंडीनं दात वाजायचे. ती म्हणायची, बोल काहीतरी, बोललं की गारठा कळत नाही. मग मी शाळेतल्या कविता म्हणायचे. संक्रांतीच्या आत हे काम उरकावं लागायचं, कारण आमच्याकडं भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सगळं गाव पतंगांसाठी गच्चीवर असतं आणि मला आसारी, म्हणजे मांज्याची फिरकी, धरायला भाऊ ओढून न्यायचे.

आता घाटेअळीसाठी फवारणी होते, त्यामुळं आंब गोळा करून पोटात घेण्याचा धीर होत नाही, आणि करूही नये. एका कोपऱ्यात दोन वाफे बिनफवारणीचे ठेवावेत असं यंदा ठरवलं आहे. मुलीला धोतराचं टोक धरायला शिकवायचं आहे.

पुण्याहून, मूळ गाव चांदवड तालुक्यात

मी मळ्यावर नाही, नोकरीत आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटे ५ ला फोनवर आधी गावाकडचं तापमान पाहतो आणि मग वडिलांना फोन करतो. ते रोज म्हणतात, आज काही विशेष नाही. मागं फवारणीच्या ब्लोअरचा आवाज येत असतो. ते ७१ वर्षांचे आहेत.

सुरगाणा

आम्ही जगायला जाणं दोन वर्षांपासून बंद केलं. अर्ध्या एकरात स्ट्रॉबेरी लावली. पहाटे दव असतानाच तोडायची, ऊन चढलं की फळ मऊ पडतं. सापुतारा रस्त्यावर टोपली घेऊन पोरं बसतात. पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरलं तर पैसा होतो. पेठच्या ताई, तुमच्या गावाकडं झरा असेल तर विचार करा, रोपांबद्दल सांगेन.

कुंदेवाडीजवळून, पुन्हा

सगळ्यांचं बाबांना वाचून दाखवलं. येवल्याच्या ताई, आमच्या आजीनं आंबेचं ऐकलं आणि लगेच म्हणाली, धोतर नको, मलमल घ्यायची, ती जास्त पिते. म्हणजे तिलाही माहीत होतं आणि ती आजवर बोलली नव्हती. आमचा हरभरा घरापुरताच आहे, यंदा अजून काही मारलेलं नाही.

पेठच्या ताईंच्या मळ्यातल्या मावशी कुठल्या, हे जमलं तर सांगा. आमच्या मावसआजीकडं दिंडोरीच्या रस्त्याला बाग होती आणि तिच्या बंबाला कायम एक बादली लावलेली असायची.

आज पारा उतरलेला आहे. काड्या रचून झाल्या, पाला भिजवून ठेवला आहे.