भुशाच्या कोळशाने नायट्रेटचा अमोनिया : चाचणीतला निळा रंग कितपत खरा मानावा?

प्रश्न
लाकडाच्या भुशात युरिया मिसळून, नायट्रोजनच्या प्रवाहात ८०० अंश सेल्सिअसला भाजलेला कोळसा मी कार्बनच्या कापडावर थापून ऋणाग्र (विजेच्या ऋण टोकाला जोडलेला भाग) म्हणून वापरतो; तिथे नायट्रेटचा अमोनिया करायचा आहे. द्रावणात ०.१ मोलर पोटॅशियम नायट्रेट आणि सोबत सोडियम सल्फेट असते. दोन तास वीज दिल्यावर इंडोफिनॉल चाचणीत (अमोनिया असेल तर निळा रंग देणारी चाचणी) गडद निळा रंग येतो. हा अमोनिया नायट्रेटपासूनच झाला असे म्हणता येईल का? आणि खतांमुळे दूषित झालेल्या भूजलावर हाच कोळसा चालेल का?

प्रतिसाद १
निळा रंग अमोनिया आहे एवढेच सांगतो, तो कुठून आला हे सांगत नाही. युरियातला नायट्रोजन कोळशाच्या जाळीत जाऊन बसतो, आणि त्यातला सैल बसलेला भाग ऋणाग्रावर अमोनिया होऊन बाहेर पडू शकतो. म्हणून बाकी सारे तसेच ठेवून एकदा नायट्रेटशिवाय आणि एकदा विजेशिवाय प्रयोग करावा. शेवटचा पुरावा नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचा जड समस्थानिक) असलेल्या नायट्रेटचा : त्यापासून झालेल्या अमोनियमचे हायड्रोजनच्या एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत मोजणारी पद्धत) आलेखात दोन शिखरांत विभाजन दिसते, साध्या नायट्रोजनच्या अमोनियमचे तीन शिखरांत.

दुसरी शंका राखेची. वनस्पतींत लोह, मँगनीज, तांबे अल्प प्रमाणात असतातच. कोळसा हायड्रोक्लोरिक आम्लाने नीट धुतला नसेल, तर धातूने केलेल्या कामाचे श्रेय आपण कार्बनला देऊन बसतो, आणि हे या विषयात वाटते त्याहून अधिक वेळा घडत असावे. नायट्राइटही अवश्य मोजा. अमोनियापर्यंत जायला लागणाऱ्या आठऐवजी दोनच इलेक्ट्रॉन घेऊन अभिक्रिया नायट्राइटपाशीच थांबली, तर मूळ नायट्रेटपेक्षा अधिक विषारी पदार्थ हाती येतो.

प्रतिसाद २
भूजलाबद्दल. ०.१ मोलर म्हणजे लिटरला ६,२०० मिलिग्रॅम नायट्रेट. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे. लिटरला ६२ मिलिग्रॅम असलेल्या पाण्यातले सगळे नायट्रेट रूपांतरित झाले, तरी १,००० लिटरमागे १७ ग्रॅमच अमोनिया मिळतो. इतक्या विरळ पाण्यात नायट्रेट ऋणाग्रापर्यंत पुरेशा वेगाने पोहोचत नाही आणि बरीचशी वीज हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जाते. शिवाय या अभिक्रियेत प्रत्येक अमोनियामागे नऊ हायड्रॉक्साइड आयन तयार होतात, त्यामुळे जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कोळशावरच पांढऱ्या थराच्या रूपात साचतात. आधी आयन-विनिमय रेझिनवर (पाण्यातले आयन धरून बदल्यात दुसरे सोडणाऱ्या दाण्यांवर) नायट्रेट पकडून ते थोड्या मिठाच्या पाण्यात उतरवणे मला अधिक व्यवहार्य वाटते. मात्र त्या क्लोराइडपासून धनाग्रावर क्लोरीन तयार होतो आणि तो अमोनियाच खाऊन टाकतो, म्हणून ऋणाग्र आणि धनाग्र यांच्या कप्प्यांमध्ये पडदा हवाच.

प्रश्नकर्ता
नायट्रेट न घालता दोन तास चालवले, तर फिकट निळा रंग आला. तेच ऋणाग्र ताज्या द्रावणात पुन्हा चालवले, तेव्हा रंग जवळजवळ दिसलाच नाही. पहिला आकडा मूळ निकालातून वजा करून चालेल का?

प्रतिसाद १
नुसती वजाबाकी नको, कारण नायट्रेट असताना कोळशातून तितकाच नायट्रोजन सुटेल याची खात्री नाही. कोरे (नायट्रेट नसलेले) द्रावण चाचणीत रंगहीन राहीपर्यंत ऋणाग्र आधी चालवून घ्या आणि मगच मोजमाप सुरू करा.

प्रतिसाद ३
एक हिशेब मांडतो. अमोनियाच्या एका रेणूला आठ इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे किलोमागे सुमारे १२,६०० अँपिअर-तास. एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असे धरले, तरी २ व्होल्टला २५ किलोवॅट-तास होतात. हेबर-बॉश पद्धतीत (हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची कारखान्यातली नेहमीची पद्धत) इंधनासह ८ ते १० किलोवॅट-तास पुरतात. त्यामुळे अहवालात हे काम खतनिर्मिती म्हणून नव्हे, तर सांडपाण्याची शुद्धी म्हणून मांडावे. पाण्यातला अमोनियाही काढावा लागेलच : पीएच ११ च्या आसपास नेऊन हवा सोडावी आणि ती हवा गंधकाम्लातून न्यावी, म्हणजे अमोनियम सल्फेट हाती येते.