मदत हवी आहे: जुळी बाळं सांभाळून सणाचा स्वयंपाक कसा करायचा?

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. माझी जुळी साडेसात महिन्यांची आहेत आणि सणाला घरी दहाजण जेवायला येणारेत, नवरा म्हणतो सगळं बाहेरूनच मागवू पण मला निदान एक गोड आणि एक भाजी घरची हवीच (हो, हट्टच आहे माझा). गोची अशी की एक झोपला की दुसरी उठते, आणि दोघं चुकून एकदम झोपलेच तर कुकरची शिट्टी त्यांना उठवते. काल कांदा अर्धा चिरून गेले ते तासाभराने आले, ओट्यावर तो पार सुकलेला. कडेवर घेऊन गॅसजवळ जात नाही, एकदा गरम तेल उडालं हातावर, नशीब तेव्हा बाळ आत होतं.

तर आदल्या दिवशी नक्की काय काय उरकता? शिजवलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं हे माहितीये, पण मोठं पातेलं गारच होत नाही लवकर, उथळ डब्यांत काढता का?

बाळांसाठी आमच्यातलंच मीठ साखर घालायच्या आधी बाजूला काढून कुस्करणार आहे, ते जमेल. खरी भीती पाहुण्यांची, मागच्या वेळी एकीने कौतुकाने मधाचं बोट पुढे केलं होतं, वर्षाच्या आत मध अजिबात नाही म्हटलं तर चेहराच पडला तिचा. न दुखावता कसं सांगता तुम्ही?