इट्रुस्कन नवरा-बायकोची शवपेटी म्हणजे ग्रीकांची कॉपी का?

भटका_जीव:
रोमच्या व्हिला जुलिया म्युझियममधली ती टेराकोटाची शवपेटी, रोमजवळच्या चेर्वेतेरीला सापडलेली, इ.स.पू. 520 च्या आसपासची, झाकणावर जेवायला रेललेलं जोडपं. बदामी डोळे, ओठांवरचं हसू, वेण्या, सगळं ग्रीकच वाटतंय. मग यात इट्रुस्कन लोकांचं (रोमनांच्या आधीचे मध्य इटलीतले) स्वतःचं काय? आणि दोघांचे हात असे हवेत का?

मातीचे_पाय:
चेहरे आयोनियन (आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या) ग्रीक वळणाचे, वादच नाही. पण रेलून जेवायची पद्धत ग्रीकांनीही पूर्वेकडूनच उचललीय, ब्रिटिश म्युझियममध्ये अ‍ॅसिरियाचा राजा असुरबनिपालचं निनवेचं शिल्प आहे बघ, राजा द्राक्षवेलीखाली पलंगावर आडवा आणि राणी खुर्चीत ताठ बसलेली. ग्रीकांच्या बैठकीत तर घरच्या बायकोला एंट्रीच नाही. इथे बाईसाहेब त्याच गादीवर नवऱ्याला टेकून, पायात टोकदार बूट (नवरा मात्र अनवाणी!), त्याचा हात तिच्या खांद्यावर. हे ग्रीसमधून आलेलं नाही. थिओपॉम्पस नावाच्या ग्रीकाने तर इट्रुस्कन बायका परपुरुषांबरोबर जेवतात म्हणून नाकं मुरडलीत.

शंकासूर:
हो पण लगेच स्त्री-पुरुष समानता वगैरे नको रे, ही बड्या घरची थडगी, गरिबाच्या बायकोचं काय होतं ते यावरून कसं कळणार.

भट्टीवाला:
मला तर कारागिरीचंच जास्त कौतुक. जवळजवळ दोन मीटर लांब वस्तू एकसंध भट्टीत घातली तर तडकणारच, म्हणून चार भागांत कापून भाजली, जोडाची फट आजही दिसते. नंतर चिउसी या इट्रुस्कन गावात इ.स.पू. दुसऱ्या शतकात साच्यातून रक्षापात्रं काढायला लागले, त्यांवर इटिओक्लिस आणि पॉलिनायसिस या भावांची मारामारी, म्हणजे थेट ग्रीक कथा, तीच ती परत परत. तिथे कॉपी म्हटलंस तर मी भांडणार नाही. पण त्याच चिउसीच्या सेयांती नावाच्या बाईची शवपेटी ब्रिटिश म्युझियममध्ये बघ, वर तिचा पुतळा, हातात आरसा, अंगावर दागिने. आतली हाडं पन्नाशीच्या बाईची निघाली आणि वरचा पुतळा चांगला तरुण 😄

मातीचे_पाय:
@भटका_जीव हातातल्या वस्तू गेल्या. बहुतेक ती त्याच्या तळहातावर अत्तर ओततेय. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये अशीच दुसरी जोडी आहे, तीही चेर्वेतेरीचीच, नेपोलियन तिसऱ्याने 1861 मध्ये कँपाना नावाच्या इटालियनाच्या संग्रहाबरोबर घेतलेली, दोन्हीचे फोटो शेजारी ठेवून हात बघ.