मदत हवी आहे : बुटांच्या जुन्या खोक्यावरील रेड क्रॉसचे चिन्ह वापरता येईल का?

निळीछत्री
नमस्कार. माझ्याकडे 'रेड क्रॉस शूज' या नावाच्या स्त्रियांच्या बुटांचा एक जुना जोड मूळ खोक्यासह आहे. खोक्याच्या झाकणावर लाल क्रॉस आहे आणि बुटाच्या आतल्या तळव्यावर सोनेरी अक्षरांत तेच नाव आहे. सोबत मिळालेल्या एका मासिकातील जाहिरातीच्या तळाशी, भिंग लावूनच वाचता येईल अशा बारीक टायपात, या मालाचा अमेरिकन नॅशनल रेड क्रॉसशी काहीही संबंध नाही, असे छापलेले आहे. तशी ओळ आपणही छापली की चिन्ह वापरण्यास हरकत नसावी, असे मला वाटते. कंपनी केव्हाच बंद पडली आहे. ठसा करायला टाकायचा असून शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा आहे, त्यामुळे 'वकिलाला विचारा' एवढेच कृपया लिहू नये.

पेठकर
ठसा कशावर उमटवायचा आहे? आपण राहता कोठे? जुना जोड विकायचा आहे की नवा माल काढायचा आहे? एवढे कळल्याशिवाय कोणी काही सांगितले, तरी ते अंदाजपंचेच असेल.

चर्मप्रेमी
इतक्या जुन्या चामड्याला खोबरेल तेल मुळीच लावू नये, डाग पडतात. मऊ कोरड्या फडक्याने पुसून आत चुरगळलेला साधा कागद भरून ठेवावा. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

चौकस
भारतात हा विषय 1960 च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्याने मिटवलेला आहे. केंद्र सरकारच्या संमतीशिवाय रेड क्रॉसचे चिन्ह किंवा नाव कोणत्याही कारणासाठी वापरता येत नाही. दंड पाचशे रुपयांपर्यंतच आहे, पण ज्या मालावर चिन्ह आहे तो माल जप्त होऊ शकतो, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरी शिक्षा तीच आहे. आमच्या चौकातील निम्म्या औषध दुकानांच्या पाट्यांवर लाल क्रॉस दिसतो, म्हणून तो कायदेशीर ठरत नाही.

निळीछत्री
चामड्याबद्दल मी विचारलेले नाही. मी अमेरिकेत, ओहायोत राहते आणि बूटही तेथल्याच सिनसिनाटीचे आहेत, त्यामुळे भारतीय कायद्याचा प्रश्न येत नाही. कोल्हापुरी चपला येथे विकण्याचा विचार आहे. पट्ट्यावर आणि खोक्यावर हे जुने चिन्ह घेतले की मालाला जुन्या काळाची ऐट येईल.

पेठकर
चपला कोल्हापुरात बनणार आणि ठसाही तेथेच उमटणार असेल, तर भारतीय कायद्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून येतो. ही गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवी होती.

सातासमुद्रापार
मंडळी उगाच घाबरवत आहेत. जॉन्सन अँड जॉन्सन लाल क्रॉस राजरोस वापरत आली आहे. एवढेच नव्हे, तर 2007 मध्ये तिने अमेरिकन रेड क्रॉसवरच खटला भरला होता. मग एका छोट्या उद्योजिकेने का वापरू नये?

दस्तऐवज
कारण त्या कंपनीचा वापर 1905 च्या आधीपासूनचा आहे. तो खटलाही तिच्या फारसा पथ्यावर पडला नाही. 2008 मध्ये न्यायालयाचा कौल बऱ्याच अंशी तिच्या विरोधात गेला आणि प्रकरण तडजोडीने मिटले.

अमेरिकेतील मेख एका तारखेत आहे. रेड क्रॉसविषयीच्या अमेरिकन कायद्यातील 1910 च्या दुरुस्तीनुसार, ज्याने स्वतः, किंवा त्याने ज्याच्याकडून रीतसर हक्क घेतला त्या आधीच्या वापरकर्त्याने, 5 जानेवारी 1905 पूर्वी हे चिन्ह किंवा नाव कायदेशीर कामासाठी प्रत्यक्ष वापरले असेल, त्यालाच त्याच कारणासाठी आणि त्याच वर्गाच्या मालासाठी ते पुढे वापरण्याची मुभा मिळाली. युद्धातील जखमी सैनिकांच्या संरक्षणाचा 1949 चा पहिला जिनिव्हा करार स्वीकारतानाही अमेरिकेने या जुन्या वापरकर्त्यांपुरता अपवाद राखून ठेवला, मात्र त्यांनाही ते चिन्ह इमारती, वाहने, जहाजे किंवा विमाने यांवर लावता येत नाही. जुने खोके विकत घेतल्याने हा हक्क हस्तांतरित होत नाही. बाकीच्यांसाठी दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद आहे.

बारीक टायपातील त्या ओळीचा अर्थही आपण उलटा लावला आहे. 1946 मध्ये ए. पी. डब्ल्यू. पेपर कंपनीचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथे माल होता टॉयलेट पेपर आणि हात पुसण्याचे कागद, आणि त्यांवर नाव होते रेड क्रॉस. कंपनी जुनी वापरकर्ती असल्याने तिला नाव सोडायला लावता येणार नाही, परंतु ग्राहकाची दिशाभूल टाळणारा खुलासा छापायला फेडरल ट्रेड कमिशन ही ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था भाग पाडू शकते, असे न्यायालयाने ठरवले. म्हणजे खुलासा हे जुन्या वापरावर आलेले बंधन आहे. ज्याला मुळात हक्कच नाही, त्याला तो छापून हक्क मिळत नाही.

चौकस
शिवाय कंपनी 'बंद पडली' हे विधानही जपून करावे. हे बूट पुढे ज्या युनायटेड स्टेट्स शू कॉर्पोरेशनचे झाले, तिच्याकडे लेन्सक्राफ्टर्स ही चष्म्यांची दुकानेही होती. 1995 मध्ये ती कंपनी लक्झोटिका या चष्म्यांच्या कंपनीने घेतली आणि पादत्राणांचा व्यवसाय नाइन वेस्ट या बुटांच्या कंपनीकडे गेला. धनी बदलले म्हणून नाव रस्त्यावर पडलेले नसते.

सातासमुद्रापार
बरे, मग क्रॉस किरमिजी करावा किंवा लाल पार्श्वभूमीवर पांढरा. कोणाच्या लक्षातही येणार नाही.

दस्तऐवज
त्याच जिनिव्हा कराराच्या 53 व्या कलमात नक्कल करणाऱ्या चिन्हांनाही मनाई आहे. लालवर पांढरा क्रॉस हे तर स्वित्झर्लंडचे राजचिन्ह, त्याचेही नाव त्याच कलमात आहे. लक्षात येणार नाही म्हणता, पण युद्धभूमीवर दुरून पाहणाऱ्या सैनिकाला हा दवाखाना आहे, येथे गोळी झाडायची नाही, हे क्षणात कळावे म्हणून हे चिन्ह आहे. ते चपलांवर आणि बिस्किटांवर दिसू लागले की त्याचा तो धाक कमी होतो. या बुटांची कंपनीसुद्धा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'गोल्ड क्रॉस' या नावाने माल विकत होती.

निळीछत्री
मग 'गोल्ड क्रॉस' घेऊ का?

पेठकर
तेही दुसऱ्याचेच नाव आहे, ताई. कोल्हापुरीला उसन्या नावाची गरज काय? पायाबरोबर वाकणारा जोडा, अशी या अमेरिकन बुटांची जाहिरात असे. आपली चपलही चार दिवस वापरली की पायाच्या वळणावर बसते, तेच छापा.

निळीछत्री
सूचना विचारात घेते. कारागिरांना ठसा थांबवण्याचा निरोप पाठवला आहे, पितळ अजून कापलेले नाही. एकच शेवटचे विचारते, जुना जोड त्याच्या खऱ्या नावाने ऑनलाइन विकला तर चालेल ना?

दस्तऐवज
माझ्या मते, जुनी वस्तू जशी आहे तशी दाखवून तिचे खरे नाव सांगण्यात अडचण येऊ नये. खोक्याचे छायाचित्र त्या जोडाच्या वर्णनापुरतेच ठेवा. तेच छायाचित्र दुकानाच्या मथळ्यावर किंवा नव्या चपलांच्या खोक्यात टाकलेल्या चिठ्ठीवर आले, तर तो पुन्हा नव्या मालासाठी केलेला वापरच होईल.

चर्मप्रेमी
जोडाचे माप काय आहे?