ब्ल्वाचा काउंट स्टीफन खरोखर भित्रा होता का?

प्रश्न (सदाशिव पेठ, पुणे)
पहिल्या क्रुसेडवर (जेरुसलेम जिंकायला निघालेल्या युरोपीय ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धावर) गेलेल्या, फ्रान्समधल्या ब्ल्वाच्या काउंट स्टीफनविषयी सध्या वाचतो आहे. जून १०९८ मध्ये, जेरुसलेमच्या वाटेवरचे अँटिओक शहर हाती येण्याच्या अगदी तोंडावर, तो वेढा सोडून निघून गेला आणि तेव्हापासून त्याच्या कपाळी पळपुटेपणाचा शिक्का बसला. पानिपतातून बाजूला झालेल्या मल्हारराव होळकरांवर आपल्याकडे ठेवला जाणारा ठपका लहानपणापासून ऐकल्यामुळे असेल, पण हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. जाणकारांचे मत काय?

उत्तर १
तो आजारी असल्याचे कारण समकालीन वृत्तांतांत आले आहे आणि ते मला अशक्य वाटत नाही. त्याचा खरा दोष पुढचा आहे. शहर जिंकताच क्रुसेडर स्वतःच मोसुलचा मुस्लिम सरदार केरबोगा याच्या सैन्याच्या वेढ्यात सापडले. परतीच्या वाटेवर फिलोमेलियम येथे स्टीफनला बायझंटाईन सम्राट अलेक्सिऑस भेटला, तेव्हा त्याने ‘आता सारे संपले’ असे सांगितले आणि मदतीला निघालेला सम्राट माघारी वळला. प्रत्यक्षात २८ जूनला क्रुसेडरांनी केरबोगाचा पराभव केला.

उत्तर २
त्याने पत्नी अडेलाला धाडलेली पत्रे जरूर वाचावीत. माणूस तिथे दिसतो. अँटिओकच्या आधी वाटेत लागलेल्या निकाया शहराहून तो कळवतो की अँटिओकने अडवले नाही तर पाच आठवड्यांत आपण जेरुसलेमला पोहोचू. प्रत्यक्षात जेरुसलेम पडायला जुलै १०९९ उजाडला. अडेला ही इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमची मुलगी, आणि तिलाच तो लिहितो की तुझ्या वडिलांनी पुष्कळ दाने दिली, पण या सम्राट अलेक्सिऑसपुढे ती काहीच नव्हेत! मार्च १०९८ च्या पत्रात तर, सरदारांनी आपल्याला सैन्याचा प्रमुख निवडल्याचे तो अभिमानाने सांगतो. अशा माणसाने दोन-सव्वादोन महिन्यांत छावणी सोडावी, हेच लोकांच्या जिव्हारी लागले असावे.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. घरी परतल्यावर त्याचे काय झाले?

उत्तर २
अडेलाने त्याला स्वस्थ बसू दिले नाही. जेरुसलेमला जाण्याचा नवस अपुरा राहिला होता, म्हणून ११०१ च्या मोहिमेत तो पुन्हा निघाला. आनातोलियात (आजच्या तुर्कस्तानात) ते सैन्य जवळजवळ नष्ट झाले. तो वाचला आणि ११०२ मध्ये जेरुसलेमचे दर्शन घेऊन परतीच्या जहाजात बसला. उलट्या वाऱ्याने जहाज पुन्हा जेरुसलेमजवळच्या याफा बंदराच्या किनाऱ्याला लागले. त्याच मे महिन्यात जेरुसलेमचा क्रुसेडर राजा बाल्डविन मूठभर घोडेस्वारांनिशी मोठ्या इजिप्शियन फौजेवर चालून गेला, तेव्हा स्टीफन त्याच्यासोबत होता आणि रामला येथे मारला गेला.